खड्ड्याच्या मापाची सुतळी

भिंगार
२८ नोव्हेंबर २०२४

साळू,

तुझा फोन आला होता. वहिनीनं माझ्या कानाला लावला, मला नुसती घरघर ऐकू आली. पस्तीस वर्षं लष्करी डेपोच्या वर्कशॉपला खेटून कारकुनी केली, त्या रणगाड्यांनी कान खाल्ले. तेव्हा यापुढे जे सांगायचं ते लिहून सांग. सातवी शिकलीस ती कधी कामाला येणार? शिवाय फोनवरचं बोलणं हवेत जातं, कागदावरचं फायलीत राहतं.

वहिनीनं मला पाटीवर लिहून दाखवलं ते असं. आठ तारखेला तुझा कल्याण अश्विनीला तिच्या माहेराहून, पाथर्डीकडून, गाडीवर घेऊन येत होता. दिवेलागणीला सोनई मागे टाकून शिरसवस्तीच्या रस्त्याला लागले आणि पुलाजवळच्या वळणावर खड्ड्यात गाडी आदळली. कल्याणला खरचटलं. सूनबाईचा मणका मोडला, कमरेखाली जाण नाही. आणि तिच्या वडिलांनी, रंगनाथरावांनी, पोलिसांत लिहून दिलं की जावयानं गाडी बेफाम हाकली. म्हणजे गुन्हा कल्याणवर. बरोबर ना?

वा रे वा! खड्डा मोकळा आणि पोरगा आरोपी. जो कल्याण आमच्याकडे येताना मालट्रक दिसला की गाडी खाली उतरवून उभा राहतो, तो म्हणे बेफाम! माझं डोकं सणकलंय. रस्ता ज्याचा, तो नीट ठेवायची जबाबदारीही त्याचीच, हे कायद्यात आहे. मी अर्ज करतो. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज नाकारण्यात गेलं, तेव्हा न नाकारता येणारा अर्ज कसा लिहायचा ते मला बरोबर माहीत आहे.

तू एक कर. खड्ड्याचं माप घे. वितीत नको, फुटात नको, त्यावर ते वाद घालतील. सुतळी घे. एका टोकापासून लांबीला गाठ, मग रुंदीला गाठ, मग खोलीला गाठ. ती सुतळी पाकिटात घालून पाठव. मी अर्जाला टाचून देतो. बघू कोण म्हणतं खड्डा नव्हता.

सूनबाईची तब्येत कळव.

तुझा दादा,
राधाकृष्ण


शिरसवस्ती
९ डिसेंबर २०२४

दादा,

पाया पडते. अक्षर बघून हसू नको, पोराच्या लग्नाच्या याद्या केल्या त्यानंतर हातात पेन आजच धरलाय.

सुतळी पाठवलीय. लांबीला माझे तीन हात भरला, खोली गुडघ्याला लागती. मी माप घेत हुते तर उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या जोडलेला. डायव्हर म्हनला, मावशे, काय नांगरनी करती का? मी म्हनलं, व्हय बाबा, गहू पेरनार हाय. हसला आनि खड्ड्यातनंच गेला. ह्याच ट्रॅक्टरांनी तर रस्ता फोडलाय.

अश्विनी तिच्या माहेरीच हाय. दवाखान्यातनं व्याह्यांनी परस्पर नेली. मी गेल्ते भेटायला. बाजेवर पडून हाय, अंग निम्मं झालंय. माझा हात धरला पर बोलली न्हाई, बाप उभा हुता ना तिथं. रंगनाथभाऊंचा राग खरा हाय, दादा. त्या दिशी ते म्हनत हुते, मी जीपनं सोडतो लेकीला. आपला कल्याणच म्हनला, कशाला खर्च, नेतो मी गाडीवर. तेवढंच ते धरून बसल्येत. दर साली दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जात्यात, औंदा गेले न्हाईत. लेकीचं हागनंमुतनं आईबाप दोघं मिळून काढत्यात.

मी हात जोडले. म्हनलं, भाऊ, पोराची चूक न्हाई, खड्ड्यानं केलं. तर म्हनले, "मंग सरकारकडनं तसं लिहून आना. एक कागद आना, का आमच्या रस्त्यानं झालं. मी पोरीला माझ्या हातानं तुमच्या दारात आनून सोडतो. तवर जावयानं माझ्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाई."

तर दादा, मला पैसं नको काय नको. तेवढा एक कागद आनून दे.

कल्याण गाडीला हात लावत न्हाई. सोनईला मोटार वाइंडिंगच्या दुकानात पायी जातो, पायी येतो. जेवताना मान वर करत न्हाई. मी विचारलं, तुझी चूक हाय का रं? तर म्हनला, आता काय म्हाईत.

हप्त्यात आनखी दोघं पडले तिथं. एक मास्तरीनबाई हुती, दात पडले बिचारीचे.

साळू


भिंगार
२० जानेवारी २०२५

साळू,

सुतळी पोचली. तुझी गाठ बघून आईची आठवण झाली, तीही अशीच घट्ट मारायची.

आता ऐक गंमत. नावं लिहीत नाही, कारण ही माणसं उद्या माझ्यावरच दावा लावतील. एकाला थोरलं ऑफिस म्हणू, एकाला धाकटं. मी आधी थोरल्यात गेलो. तिथला साहेब सुतळीकडे असा बघत राहिला, जणू मी त्याला फास आणून दिलाय. मग माझ्या पाटीवर लिहून म्हणाला, पुलाच्या अलीकडचा रस्ता आमच्याकडे नाही, तो धाकट्यांचा. आमचा पलीकडचा. गेलो धाकट्यात. तो म्हणाला, खड्डा अलीकडे की पलीकडे? मी म्हणालो, सोनईकडून येताना अलीकडे. तो म्हणाला, पण आम्ही वस्तीकडून मोजतो, म्हणजे तो पलीकडे. थोरल्यांचा. मी म्हणालो, साहेब, माझी भाचसून कुठल्याही बाजूनं मोजली तरी खाटेवरच आहे. त्यानं चहा मागवला.

मी हटलो नाही. दोन्हीकडे लेखी अर्ज दिला, पोच घेतली. पंधरा दिवसांनी परत गेलो, परत अलीकडे-पलीकडे. वहिनी म्हणते, रिटायर झालात तरी ऑफिसला जायची हौस फिटली नाही. चेष्टा करते, पण डबा भरून देते.

आता मला फोटो लागेल. कल्याणला म्हणावं, मोबाईलवर काढ आणि सोनईत मोठा छापून पोस्टानं पाठव. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, बारीक फोटोतलं मला दिसत नाही.

कल्याणला सांग, मामा आहे. आणि कोर्टाची तारीख येईल तेव्हा मला न विचारता एक अक्षर बोलायचं नाही. मान वर करून जेवायचं.

दादा


शिरसवस्ती
११ फेब्रुवारी २०२५

दादा,

फोटो पाठवलाय. कल्याणनं काढला, छापून आनला. पाकीट मीच चिकटवलं.

तू लई हिंडतोयस माझ्यासाठी. ह्या वयात यष्टीचे धक्के खातोस. वहिनीला म्हनावं, तिच्यासाठी ज्वारीचा हुरडा पाठवते.

एक बरं झालं. खड्ड्याचा बंदोबस्त झालाय. दीड म्हैना झाला, तिथं कोनी पडत न्हाई. समदे आपसूक गाडी हळू करत्यात. माझ्या जिवाला जरा शांतता हाय. आपल्या पोरीवर आली ती दुसऱ्याच्या पोरीवर नको यायला.

कल्याण गेल्ता पाथर्डीला. मी नको म्हनले हुते. अश्विनीची चप्पल खड्ड्यात पडलेली सापडली हुती, ती धुवून, तुटलेला अंगठा शिवून घेऊन गेला. व्याह्यांनी दारातनंच परतवला. म्हनले, चालती का ती, चप्पल आनायला? दार उघडं हुतं, त्याला बाजेवर तिची पावलं दिसली. तेवढंच बघून आला. चप्पल फडताळात ठिवलीय.

कागद कवा मिळंल, दादा?

साळू


भिंगार
३ मार्च २०२५

साळू, अगं साळू!

शाब्बास! हा फोटो म्हणजे घबाड आहे घबाड! भिंगातून बघितला. खड्ड्याच्या कडेला लाल रंग दिलेला दगड! तुझ्या पत्रातही आहे, बंदोबस्त झाला, लोक गाडी हळू करतात. म्हणजे आपला अर्ज पोचल्यावर कुणीतरी गुपचूप येऊन धोक्याचा दगड लावून गेलं! अगं, हीच ऑफिसांची रीत. काम करायचं नाही, लाल रंग फासून ठेवायचा, म्हणजे उद्या म्हणता येतं की आम्ही सावध केलं होतं. पण स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला की नाही लेकाच्यांनी? दगड लावला म्हणजे रस्ता त्यांचा, आणि खड्डा जीवघेणा हे त्यांना कबूल!

मी लगेच पुरवणी अर्ज लिहिला. चार पानी. थोरल्याला आणि धाकट्याला दोघांनाही. असा अर्ज मी नोकरीतसुद्धा लिहिला नव्हता. वहिनीला वाचून दाखवला, तिलाही पटला.

आता जागेची पाहणी होईल. साहेब येतील. तू त्यांना चहा दे आणि गप्प बस, बोलायचं ते मी लिहिलंय. रंगनाथरावांना निरोप धाड, कागद येतोय म्हणून.

दादा


शिरसवस्ती
१८ मे २०२५

दादा,

तुझं पत्र आलं तवापास्नं मला घास गोड लागत न्हाई. तेव्हाच लिहायला पायजे हुतं. भ्याले. वाटलं, तुझा अर्ज चाललाय तर चालू दे, कोन बघाया येतंय. तर आले.

तो दगड ऑफिसनं ठिवला न्हाई. मी ठिवला.

मास्तरीनबाईचे दात पडले तवा मी सरपंचाकडं गेले, म्हनलं, पाटीभर मुरूम तरी टाका. म्हनला, निधी न्हाई. मी लाकडाला लाल फडकं बांधून रवलं, दुसऱ्या दिशी कोनीतरी जळनाला नेलं. मंग काय करू? मोठा दगड पाहून काठावर आनला, तेल शेंदूर लावला, दोन अगरबत्त्या लावल्या. मानूस मानसासाठी थांबत न्हाई, दादा, देवाला तरी वळसा घालंल. आनि घातला. त्या दिसापास्नं कोनी पडलं न्हाई. मी खोटं काय केलं?

आता गावात त्याला वळनावरचा म्हसोबा म्हनत्यात. कोन म्हनतं नवसाला पावतो. ट्रॅक्टरवाले नारळ फोडत्यात. म्हैन्यापूर्वी सरपंचानं सोताच्या खिशातनं सिमेंट आनलं आनि एका दिसात ओटा बांधला. खड्ड्यात टाकाया मुरूम न्हवता, ओट्याला सिमेंट निघालं. ओटा रस्त्यात आलाय हातभर. खड्डा हाय तसाच हाय बाजूला.

परवा दोन साहेब आले जीपमधनं. तुझा अर्ज हातात हुता. खड्ड्याकडं बघितलंबी न्हाई. ओट्याचेच फोटो काढले, चारी बाजूंनी. एक तर चप्पल काढून पाया पडला आनि मंग त्यानं वहीत लिहिलं. मला विचारलं, हा कधीचा? मीच ठिवला म्हनायला भ्याले. मी म्हनले, लई दिसाचा.

माझ्यावर रागाव, पर बोलनं टाकू नको.

साळू


भिंगार
१२ जून २०२५

साळू,

रागावलोय. पाच वेळा पत्र लिहून फाडलं, हे सहावं.

लई दिसाचा! अगं, अपघात आठ नोव्हेंबरचा, दगड तू ठेवलास त्यानंतर महिना-दीड महिन्यानं, आणि सांगितलंस लई दिसाचा? थोरल्या ऑफिसचं उत्तर आलंय, पाहणीच्या अहवालासकट. लिहितात की जागेवर खड्ड्याजवळ विनापरवाना देवस्थान आहे, ते पुष्कळ दिवसांपासून असल्याचं गावकऱ्यांनी सांगितलं, त्यानं रस्ता अरुंद झाला, सबब अपघात त्या देवस्थानामुळे झाला, रस्त्याच्या अवस्थेमुळे नव्हे. आणि खाली पुन्हा आहेच की सदर रस्ता या कार्यालयाच्या ताब्यात नाही. रस्ता त्यांचा नाही, पण दोष कुणाचा हे मात्र ठाऊक!

अहवालाची प्रत तुला पाठवत नाही. तुला वाचून उगीच त्रास होईल.

तो दगड काढ. आजच्या आज. कल्याणला घे, पहार घे, ओट्यासकट फोड. मग मी नव्यानं अर्ज करतो, तारीखवार, मास्तरीणबाईची साक्ष लावून. तिचा पत्ता पाठव. एवढं तरी माझं ऐक.

दादा


शिरसवस्ती
३० ऑगस्ट २०२५

दादा,

लिहायला उशीर झाला.

पहार घेऊन गेलो हुतो दोघं. दोन घाव घातले आनि बाया धावत आल्या. म्हनल्या, साळे, तूच बसवला आनि तूच फोडती, गावावर कोप आनती का? सरपंच म्हनला, देवाला हात लावला तर तुझं वाळीत पडनं मी थांबवू शकत न्हाई. कल्याणनं पहार खाली ठिवली आनि घराकडं चालाया लागला. मास्तरीनबाईची बदली झालीय कोकनात, पत्ता कोनाला म्हाईत न्हाई.

मंग आषाढाच्या शेवटाला जे व्हायचं ते झालं. अजिनाथ दूधवाला, आपल्या पलीकडच्या वस्तीवरचा, पहाटंचं दूध घेऊन चालला हुता. पानी साचलेलं, खड्डा कळंना, तो चुकवाया गेला आनि ओट्यावर आदळला. उजवा हात दोन जागी मोडला. दुधाच्या किटल्या शेतात गेल्या. गाय पाळून पोट भरनारा गडी, आता धार कोन काढनार? भेटाया गेले तर मलाच म्हनतो, आक्का, रडू नका, देवाची मर्जी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दवाखान्यानं कळवलं म्हनून पोलीस आले. वस्ती जमली. हवालदार म्हनला, हा दगड कोनी ठिवला? समदे माझ्याकडं बघाया लागले. सरपंचबी. मंग मीच म्हनले, मी ठिवला. त्यानं नाव विचारलं, वय विचारलं, लिहून घेतलं. इतकं झटक्यात झालं सारं. तू नऊ म्हैने हिंडतोयस रस्ता कोनाचा इचारत, आनि दगड कोनाचा ते दुपारच्या भाकरीच्या आत सापडलं.

रस्त्याला अडथळा केला म्हनून माझ्यावर केस हाय. नेवाश्याला कोर्टात बोलावलंय नोव्हेंबरात. पोलिसांनी कागद दिला, त्यातलं सरकारी मराठी मला उमगत न्हाई, म्हनून सोबत लावलाय. तू वाच आनि काय ते सांग.

व्याह्यांच्या कानावर गेलंय. कोनीतरी सांगितलं का दगड आधीपास्नंच हुता, ऑफिसनं लिहिलंय तसं. निरोप आला, तुमीच ठिवलेल्या धोंड्यावर तुमच्याच पोरानं माझी लेक घातली.

साळू


भिंगार
१६ सप्टेंबर २०२५

साळू,

डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून आठ-दहा दिवस वाचायला बंदी होती. काल पट्टी निघाली आणि पहिला तुझा कागद वाचला. दोनदा वाचला. मग वहिनीला हाक मारली आणि तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेतला. मला ऐकू आला नाही, पण तिचे ओठ बघितले.

अगं, फिर्याद कुणी दिलीय माहीत आहे का? थोरल्या ऑफिसनं. आणि पहिलंच वाक्य आहे, "आमच्या कार्यालयाच्या मालकीच्या व देखभालीखालील रस्त्यावर." साळू, मालकीच्या! देखभालीखालील! सही, शिक्का, जावक क्रमांक! दहा महिने ज्या कागदासाठी मी उंबरे झिजवले, तो त्यांनी तुझ्यावर खटला भरायला आपण होऊन लिहून दिला.

आता वकील गाठतो. हा कागद, तुझी सुतळी आणि दवाखान्यात भरती केल्याची तारीख, एवढ्यावर कल्याणची केस उभी राहील. दगड नंतरचा हे तुझ्या नऊ डिसेंबरच्या पत्रावरून दाखवता येईल, त्यात खड्डा आहे, दगडाचं नाव नाही. रंगनाथरावांचा कागद अजून मिळू शकतो. फक्त एक कर. कल्याणला तोंड उघडू देऊ नकोस. काहीही कबूल करायचं नाही. मी येतो.

आणि आता एक सांगायचं राहिलंय. त्या वेळी तुला अहवालाची प्रत पाठवली नाही, ती तुला त्रास होईल म्हणून नव्हे. त्यात माझंच वाक्य छापलंय. "अर्जदार यांनी स्वतःच्या दिनांक ३ मार्चच्या अर्जात खड्ड्यालगत लाल दगड असल्याचे नमूद केले आहे." त्यांना दगडाचा पत्ताही नव्हता. मी दिला. तू गप्प राहिली असतीस तरी त्यांना माझा अर्ज पुरे होता. शेंदूर आणि रंग यातला फरक न कळणाऱ्या माणसानं चार पानी अर्ज लिहिला, आणि तुझ्यावर ओरडलो. डोळा आता साफ दिसतो. फोटो परत काढून बघितला. दगडावर झेंडूचं फूल आहे, दोन अगरबत्त्या आहेत. आंधळ्यालासुद्धा कळलं असतं.

चुकलो गं. माफ कर.

दादा


शिरसवस्ती
२९ ऑक्टोबर २०२५

दादा,

भाऊबीजेला येता आलं न्हाई. इथनंच भिंगारच्या बाजूला तोंड करून ओवाळलं तुला.

माफी कशाची मागतोस? तू माझ्यासाठी हिंडलास तेवढं कोन हिंडतं? तुझ्या अर्जानं झालं न्हाई आनि माझ्या दगडानंबी झालं न्हाई. खड्डा आधी हुता. तेवढं तुला आनि मला म्हाईत हाय.

पर तुझं पत्र पोचलं तवर कल्याणनं कबूल करून हप्ता उलटला हुता. सप्टेंबरात नेवाश्याला लोकअदालत हुती. मला म्हनला, दुकानाचा माल आनाया चाललो. तिथं गेला, उभा राहिला आनि म्हनला, माझी चूक हाय, मी गाडी जोरात चालवली. दंड भरला, केस मिटली. घरी येऊन मान वर करून जेवला. मी म्हनलं, आज बरा जेवतोय. मंग त्यानं सांगितलं. मी त्याच्या थोबाडीत मारली, दादा. तिशीच्या पोराला मारलं. तो म्हनला, "आये, मामानं किती हिंडायचं? तू कोर्टात उभी राहनार का माझ्यापायी? मी चूक घेतली म्हंजे सासऱ्याचा राग तरी जाईल. तेला कोनाची तरी चूक पायजे ना." तुझं पत्र आलं तवा मी त्याला वाचून दाखवलं. त्यो उठून बाहेर गेला, लई येळ आला न्हाई.

आता त्या ऑफिसच्या कागदाचा काय उपेग, म्हनला, आनि दिवाळीच्या आधी पाथर्डीला गेला, कबुलीचा कागद घेऊन. पायावर डोकं ठिवलं. रंगनाथभाऊंनी कागद दुसऱ्याकडनं वाचून घेतला. मंग म्हनले, "म्हंजे खरंच तूच केलंस. मी सालभर मनात म्हनत हुतो, न्हाई, पोरगं गरीब हाय, खड्ड्यानंच केलं आसंल. आता तर तू सोताच्या तोंडानं सांगतोयस. आता कशी देऊ लेक तुझ्या हातात?" आतनं अश्विनी वरडली म्हनं, खोटं बोलत्यात ते, खड्डा हुता, मी बघितला. सालभरात पहिल्यांदा बापासमोर बोलली. पर बाप म्हनला, नवऱ्याला वाचवती. दार लावून घेतलं.

औंदा व्याही ऊसतोडीला गेले. लेकीला बैलगाडीत घालून संगं नेलीय, मागं बघाया कोन हाय? कुठल्या कारखान्यावर ते कल्याणला सांगितलं न्हाई. तो आईतवारपास्नं कारखाने धुंडतोय. पायीच.

थोरल्या ऑफिसचा जेसीबी आला दिवाळीच्या सांच्याला. पोलीस संगं हुते, गाव गप्प बसलं. ओटा उचकला, दगड ट्रॅक्टरमधी घातला. ओट्याच्या जागी खड्डा पडला, तो तसाच सोडून गेले. मी जेसीबीपुढं उभी राहिले, म्हनलं, बाबा, आलाच हाय तर दोन पाट्या मुरूम टाक. म्हनला, आज्जी, माझी ऑर्डर काढायची हाय, भरायची न्हाई.

कोर्टाची तारीख बारा नोव्हेंबर. तू येऊ नको, डोळा नवा हाय, धूळ लई हाय रस्त्याला. मी हाय तशी सांगनार, का ठिवला दगड म्हनून. कोनी इचारलं तर खड्ड्याचंबी सांगनार. न इचारलं तरीबी सांगनार.

काल वळनावर जाऊन दोन्हीची मापं घेतली. सुतळ्या पाकिटात हायेत. आखूड हाय ती नव्या खड्ड्याची. लांब ती जुन्याची, तुला पाठवलेल्या सुतळीशी ताडून बघ, चार बोटं वाढलाय तो. फायलीत जागा आसंल तर ठिव.

तुझी साळू